नभोवाणीचा वार्ताहर : रिचर्ड डिम्बलबी

इंग्लंडमध्ये १९२२ साली नभोवाणीचे कार्यक्रम नियमितपणे सुरू झाले. घराघरांतील लाकडी पेटीतून माणसाचा आवाज ऐकू येऊ लागला आणि त्या नव्या साधनाने लोक थक्क झाले. परंतु बातम्यांच्या बाबतीत ही नवी वाणी पुढे बरीच वर्षे परस्वाधीन होती. वृत्तसंस्थांकडून आलेल्या मजकुरातून काही बातम्या निवडावयाच्या आणि संध्याकाळी निवेदकाने त्या शांतपणे वाचून दाखवावयाच्या, एवढेच तिचे काम होते. घटना घडत असे एकीकडे, आणि ती सांगणारा माणूस बसलेला असे दुसरीकडे, लंडनमधील एका बंद खोलीत. त्या खोलीचे दार उघडून घटनेच्या जागी स्वतः जावे आणि जे दिसले ते श्रोत्यांना सांगावे, हा प्रघात ज्यांनी पाडला, त्यांत रिचर्ड डिम्बलबी ह्यांचे नाव अग्रभागी आहे.

रिचर्ड डिम्बलबी ह्यांचा जन्म २५ मे १९१३ रोजी लंडनजवळच्या रिचमंड ह्या गावी झाला. वृत्तपत्राचा व्यवसाय त्यांच्या घराण्यातच होता. ‘रिचमंड अँड ट्विकनहॅम टाइम्स’ हे स्थानिक वृत्तपत्र त्यांच्या कुटुंबाच्या मालकीचे होते. मिल हिल येथील शाळेत शिक्षण पूर्ण केल्यावर रिचर्ड ह्या घरच्याच पत्रात काम शिकू लागले. लहान गावाच्या पत्रातील बातम्याही लहानच असतात. तथापि त्या लिहिणे सोपे नसते. ज्याच्याविषयी लिहावयाचे तो माणूस शेजारच्याच गल्लीत राहत असतो. त्याचे नाव चुकले किंवा सभेतील त्याचे भाषण विपरीत छापले गेले, तर तो दुसऱ्याच दिवशी कचेरीत येऊन जाब विचारतो. प्रत्येक तपशील पारखून घेण्याची जी सवय रिचर्ड ह्यांना जन्मभर होती, तिला अशा कामात चांगलेच वळण लागते. पुढे त्यांनी साउदॅम्प्टन येथील एका दैनिकात आणि त्यानंतर लंडनमधील एका साप्ताहिकात नोकरी केली.

१९३६ साली त्यांनी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे बी. बी. सी., ह्या संस्थेच्या वृत्तविभागाच्या प्रमुखांना एक पत्र लिहिले. नभोवाणीने दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांवर विसंबून राहू नये, आपले वार्ताहर बाहेर पाठवावेत, त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली हकीकत सांगावी आणि घटनेशी संबंध असलेल्या माणसांचे आवाजही लोकांना ऐकवावेत, असे त्यांनी त्या पत्रात सुचविले होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. नोकरी मागणारा तरुण संस्थेला तिचे काम कसे करावे हे शिकवीत होता! सुदैवाने वरिष्ठांनी त्याचा राग मानला नाही. त्याच वर्षी त्यांना संस्थेत घेण्यात आले.

आपले म्हणणे सिद्ध करून दाखविण्याची संधी त्यांना लवकरच मिळाली. लंडनच्या दक्षिण भागात ‘क्रिस्टल पॅलेस’ ही लोखंड आणि काच ह्यांची एक विशाल इमारत उभी होती. १८५१ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी ती प्रथम हाइड पार्कमध्ये बांधली होती व नंतर सिडनॅमच्या टेकडीवर हलविली होती. ३० नोव्हेंबर १९३६ च्या संध्याकाळी त्या इमारतीला आग लागली आणि पाहता पाहता सारा काचमहाल ज्वाळांनी वेढला. सायंदैनिकांचे अंक छापून झाले होते; सकाळची दैनिके निघण्यास पुष्कळ अवकाश होता. डिम्बलबी ताबडतोब आगीच्या ठिकाणी धावले आणि तेथून दूरध्वनीच्या द्वारे त्यांनी डोळ्यांसमोरचे दृश्य श्रोत्यांना सांगितले. बंबांच्या घंटा आणि लोकांचा गलबला हेही त्यांच्या शब्दांबरोबर घराघरांत पोहोचले. त्या रात्री लोकांना प्रथमच उमगले की नभोवाणीची बातमी वृत्तपत्राच्या आधी येऊ शकते. इतकेच नव्हे, तर ती आपल्याला घटनेच्या जागी नेऊन उभी करू शकते.

१९३७ साली इंग्लंडच्या पूर्वेकडील फेन्स ह्या सखल प्रदेशात पूर आला, तेव्हा डिम्बलबी तेथे गेले. १९३९ च्या प्रारंभी स्पेनमधील यादवी युद्ध संपत आले होते. पराभूत पक्षाचे हजारो सैनिक आणि त्यांच्याबरोबर वृद्ध, स्त्रिया व मुले सीमा ओलांडून फ्रान्समध्ये येत होती. सीमेवरील ल पेर्तुस ह्या गावी उभे राहून डिम्बलबींनी त्या निर्वासितांची दैना इंग्लंडमधील श्रोत्यांना सांगितली. दूरच्या देशातील युद्ध म्हणजे नकाशावरील रेघा नव्हेत, तर घरदार सोडून चालू लागलेली माणसे होत, हे अनेकांना त्या आवाजाने जाणवून दिले.

त्या काळी बाहेर जाऊन ध्वनिमुद्रण करणे मोठे कष्टाचे काम होते. आज खिशात मावणाऱ्या यंत्रावर कोणालाही आवाज टिपता येतो. तेव्हा मात्र लाखेसारखा थर दिलेली तबकडी फिरत्या यंत्रावर ठेवावी लागे आणि बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर कंप पावणारी सुई त्या तबकडीवर खाचा कोरीत असे. एका तबकडीवर काही मिनिटांचेच बोलणे मावे. हे सारे जड साहित्य मोटारीतून न्यावे लागे. मोटारीला धक्का बसला की सुई उडे आणि केलेले श्रम वाया जात. एकदा कोरलेला शब्द पुसता येत नसे. म्हणून बोलण्यापूर्वीच प्रत्येक वाक्य मनात तयार असावे लागे. डिम्बलबींच्या बोलण्यातील रेखीवपणा अशा अडचणींतून घडत गेला.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. बी. बी. सी. ने डिम्बलबींना आपला पहिला युद्धवार्ताहर म्हणून ब्रिटिश सैन्याबरोबर फ्रान्सला पाठविले. त्यानंतर त्यांची नेमणूक इजिप्तची राजधानी कैरो येथे झाली. तेथून त्यांनी आफ्रिकेतील वाळवंटात व मध्यपूर्वेतील अनेक देशांत प्रवास केला. १९४१ साली एरिट्रियातील केरेन येथे उंच, उघड्या डोंगरांवर घनघोर लढाई झाली. त्या लढाईत भारतीय सैन्याच्या तुकड्यांनी मोठा पराक्रम केला. आपल्या मराठा पलटणीचे जवानही त्यांत होते. त्या मोहिमेची वृत्ते डिम्बलबींनी लंडनला पाठविली.

परंतु कैरो येथील कामात त्यांना एक कटू अनुभव आला. सेनापतींचे मुख्य ठाणे ह्याच शहरात होते. रणभूमी शेकडो मैलांवर पसरलेली, दळणवळण अवघड. त्यामुळे एकंदर लढाईचा रंग काय आहे हे समजून घेण्यासाठी वार्ताहराला सैन्याच्या अधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून राहावे लागे. ती माहिती आशादायक असे, आणि डिम्बलबींची वृत्तेही आशादायक होत. प्रत्यक्षात १९४२ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सैन्याला एल अलामेनपर्यंत माघार घ्यावी लागली. नभोवाणीवर ऐकलेले आणि घडलेले ह्यांत अंतर पडले, तेव्हा लोकांनी डिम्बलबींना दोष दिला. वाळवंटात लढणारे सैनिकही त्यांच्यावर रुष्ट झाले. अखेर त्यांना लंडनला परत बोलाविण्यात आले. काही महिन्यांनी एल अलामेन येथे ब्रिटिशांचा जय झाला, तेव्हा ती वार्ता सांगण्यास डिम्बलबी तेथे नव्हते.

दुसरा एखादा माणूस ह्या प्रसंगाने खचून गेला असता, किंवा अधिकाऱ्यांना बोल लावीत बसला असता. डिम्बलबींनी तसे केले नाही. ते धोक्याच्या कामाकडे वळले. त्या वेळी ब्रिटिश विमाने रात्रीच्या अंधारात जर्मनीवर हल्ले करीत असत. त्यांतील पुष्कळशी विमाने परत येत नसत. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री डिम्बलबी एका लँकेस्टर विमानात बसून बर्लिनवरील हल्ल्यात गेले. गाय गिब्सन हे ते विमान चालवीत होते. खालून तोफांचा मारा, वर काळेकुट्ट आकाश आणि मैलोगणती शत्रूचा प्रदेश, अशा स्थितीत त्यांनी जे पाहिले व जे अनुभवले, ते परत आल्यावर श्रोत्यांना सांगितले. अशी उड्डाणे त्यांनी पुढे सुमारे २० वेळा केली. हातात बंदूक नसताना आणि कोणी सक्ती केलेली नसताना ते वारंवार मृत्यूच्या दारात जाऊन आले. आता त्यांचे वृत्त कोणा दुसऱ्याच्या सांगण्यावर आधारलेले नव्हते.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग मात्र आकाशात आला नाही; तो जमिनीवर आला. हिटलरच्या नाझी राजवटीने ज्यू लोकांना आणि इतर अनेकांना पकडून छळछावण्यांत डांबले होते. उत्तर जर्मनीतील बर्गेन-बेल्सन ही त्यांपैकीच एक छावणी होय. जिची रोजनिशी आज जगभर वाचली जाते, ती ॲन फ्रँक ही मुलगी १९४५ च्या प्रारंभी ह्याच छावणीत मरण पावली. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य तेथे पोहोचले. तेथे जे वार्ताहर प्रथम गेले, त्यांत डिम्बलबी होते.

छावणीत सुमारे ६०,००० कैदी होते. उपासमार आणि विषमज्वरासारखी साथ ह्यांमुळे त्यांच्या शरीरांचे केवळ सापळे उरले होते. दहा हजारांहून अधिक मृतदेह पुरल्यावाचून तसेच पडले होते. कित्येक कैद्यांना सुटका झाल्याचे समजण्याइतकेही भान नव्हते, आणि सुटकेनंतरही हजारो लोक वाचू शकले नाहीत. पाच वर्षे युद्ध पाहिलेले डिम्बलबी ते दृश्य पाहून हादरले. ध्वनिमुद्रण करताना त्यांचा कंठ वारंवार दाटून आला. तरीही त्यांनी हकीकत पुरी केली. तिच्यात त्यांनी मोठे शब्द वापरले नाहीत, कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. आपण कोठून आत गेलो, काय पाहिले, कोण कोणत्या अवस्थेत होते, एवढेच त्यांनी सांगितले.

ते वृत्त लंडनला पोहोचले, आणि एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. मुख्य कचेरीतील लोकांचा त्यावर विश्वास बसेना! माणसे माणसांशी इतक्या क्रूरपणे वागू शकतात, ही गोष्टच त्यांना अशक्य वाटली. दुसऱ्या कोणाकडून तिची खात्री पटल्यावाचून ती प्रसृत करू नये, असा त्यांचा विचार होता. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. खोटी बातमी सांगितली गेल्यास संस्थेची पत जाईल, ही भीती त्यांना होती. परंतु डिम्बलबी ह्या वेळी दुसऱ्याच्या तोंडचे सांगत नव्हते. ते त्या छावणीतून चालत गेले होते. आपले वृत्त प्रसृत झाले नाही, तर आपण पुन्हा कधीही नभोवाणीवर बोलणार नाही, असे त्यांनी कचेरीला निक्षून कळविले. नऊ वर्षे खपून मिळविलेले स्थान त्यांनी एका वृत्तासाठी पणाला लावले. अखेर संस्थेने त्यांचे म्हणणे मानले, आणि काही भाग गाळून १९ एप्रिल रोजी ते वृत्त प्रसृत झाले. इंग्लंडमधील घरे ते ऐकताना सुन्न झाली. नंतर आलेली छायाचित्रे आणि इतरांची वृत्ते ह्यांनी त्यातील शब्द न् शब्द खरा असल्याचे जगाला पटविले. ते ध्वनिमुद्रण आजही जतन केलेले आहे. छळछावण्या नव्हत्याच असे कोणी म्हणू लागला, तर त्याला उत्तर देणाऱ्या पुराव्यांत डिम्बलबींचा आवाजही आहे.

युद्ध संपल्यावर डिम्बलबींनी बी. बी. सी. ची नोकरी सोडली आणि ते स्वतंत्रपणे कार्यक्रम करू लागले. ‘डाउन युअर वे’ ह्या कार्यक्रमासाठी १९५० पासून पाच वर्षे ते गावोगाव फिरले. तेथील दुकानदार, कारागीर, शिक्षक, शेतकरी ह्यांच्याशी ते आपुलकीने बोलत आणि प्रत्येकाच्या आवडीचे एखादे गाणे वा वाद्यसंगीत श्रोत्यांना ऐकवीत. राजेरजवाड्यांचे समारंभ वर्णन करणारा हा माणूस खेड्यातील लोहाराचे बोलणेही तितक्याच आदराने ऐकत असे. ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ हा त्यांचा आणखी एक लोकप्रिय कार्यक्रम. मनात धरलेली वस्तू प्राणी, वनस्पती की खनिज ह्यांपैकी कशात मोडते, एवढेच सांगितले जाई आणि वीस प्रश्नांत ती ओळखावी लागे. ह्या खेळात डिम्बलबी मोठे तरबेज होते.

१९५० नंतर दूरचित्रवाणीचा प्रसार झाला. नभोवाणीवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून सर्व काही शब्दांनी उभे करावे लागते. दूरचित्रवाणीवर दृश्य समोरच असते. तेथे फार बोलणे म्हणजे पाहणाऱ्याला त्रास देणे होय. हा भेद डिम्बलबींनी अचूक ओळखला. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजे सहावे जॉर्ज ह्यांचे पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवले होते. तेथील निःशब्द शांतता डिम्बलबींनी नभोवाणीवरून केवळ शब्दांनी श्रोत्यांना जाणवून दिली. २ जून १९५३ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथ ह्यांचा राज्याभिषेक झाला. सुमारे दोन कोटी लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला. समालोचन डिम्बलबींचेच होते, आणि त्यात जेथे गप्प राहावे तेथे ते गप्प राहिले.

लोकांना वाटे की हा मनुष्य किती सहज बोलतो! परंतु त्या सहजतेच्या मागे मोठे परिश्रम होते. समारंभापूर्वी ते प्रत्येक विधीचा, वास्तूचा, पोशाखाचा आणि घराण्याचा इतिहास वाचीत, टिपणे काढीत आणि ती पक्की ध्यानात ठेवीत. मिरवणूक थांबली, एखादा पाहुणा उशिरा आला, तरी त्यांना सांगण्यासारखे काही ना काही असेच. तयार केलेल्या माहितीपैकी पुष्कळशी वापरलीही जात नसे. त्याचे त्यांना वाईट वाटत नसे.

१९५५ पासून ‘पॅनोरमा’ ह्या साप्ताहिक कार्यक्रमाचे निवेदन ते करू लागले. गंभीर विषयांची चर्चा करणाऱ्या ह्या कार्यक्रमात १ एप्रिल १९५७ रोजी एक गंमत झाली. स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात शेवयांसारख्या ‘स्पॅगेटी’चे पीक ह्या वर्षी उत्तम आले आहे, असे सांगून झाडांना लटकलेल्या लांब शेवया तोडणाऱ्या स्त्रिया पडद्यावर दाखविण्यात आल्या. डिम्बलबी अगदी गंभीर स्वरात माहिती सांगत होते. स्पॅगेटी पिठाची करतात, हे त्या वेळी इंग्लंडमध्ये पुष्कळांना ठाऊक नव्हते. ते झाड कोठे मिळेल, अशी विचारणा अनेक प्रेक्षकांनी केली! एक एप्रिलची ही थट्टा एवढी साधली, ह्याचे कारण उघड होते. डिम्बलबी सांगतात म्हणजे ते खरेच असणार, असे लोकांना वाटत होते.

१९६० साली आपल्याला कर्करोग झाला असल्याचे डिम्बलबींना कळले. त्या काळी ह्या रोगाचे नावही लोक उघडपणे घेत नसत. रोग्याला लाज वाटे, घरचे लोक तो लपवीत, आणि त्या भीतीमुळे उपचारास उशीर होई. डिम्बलबींनीही आपला आजार पाच वर्षे खाजगी ठेवला आणि उपचार घेत घेत काम चालू ठेवले. ३० जानेवारी १९६५ रोजी विन्स्टन चर्चिल ह्यांची अंत्ययात्रा निघाली. तिचे प्रदीर्घ समालोचन आजारी डिम्बलबींनी केले. त्यांच्या वेदनांचा मागमूसही ऐकणाऱ्यांना लागला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ते रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा मात्र त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने आजाराचे खरे नाव जाहीर केले. त्यांना हजारो पत्रे आली. ज्या रोगाविषयी कुजबुजच होत असे, त्याविषयी लोक मोकळेपणाने बोलू लागले. २२ डिसेंबर १९६५ रोजी लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयात वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने १९६६ साली कर्करोगविषयक कार्यासाठी निधी स्थापन करण्यात आला. १९७२ पासून त्यांच्या स्मरणार्थ एक व्याख्यानमाला सुरू झाली. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, जेथे इंग्लंडने आपल्या कवींची स्मृती जपली आहे, त्या कोपऱ्यात १९९० साली डिम्बलबींच्या नावाचा स्मृतिलेख बसविण्यात आला. डेव्हिड आणि जोनाथन ह्या त्यांच्या दोन मुलांनीही पुढे ह्याच क्षेत्रात नाव मिळविले.

डिम्बलबींना गोड, भारदस्त आवाजाची देणगी लाभली होती. परंतु आवाज अनेकांना लाभतो. कैरोत ऐकीव माहितीने त्यांचा घात केला. तो धडा ते विसरले नाहीत, म्हणूनच बेल्सन येथे सारी कचेरी साशंक असताना ते आपल्या शब्दावर ठाम राहू शकले. आज क्षणात बातमी जगभर जाते, आणि ती पुढे पाठविणारे हात अगणित आहेत. अशा वेळी, मुलांनो, एखादी गोष्ट दुसऱ्याला सांगण्यापूर्वी ती आपण स्वतः पाहिली आहे की नुसती ऐकली आहे, एवढे मनाला विचारण्याची सवय ज्याला लागेल, त्याने डिम्बलबींच्या चरित्रातून पुष्कळ काही घेतले असे म्हणता येईल.